नकाशाआधी जागा: आर्णी तालुक्यातील घरबांधणी परवानगीचा आढावा

फेब्रुवारी २०२१ मध्ये तत्कालीन ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी जाहीर केलेला एक निर्णय खेड्यापाड्यांतल्या माणसाला थेट दिलासा देणारा होता. ग्रामीण भागात १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १६०० चौरस फुटांच्या भूखंडावर घर बांधायचे असेल, तर नगररचना विभागाकडे नकाशा पास करायला जाण्याची गरज उरली नाही. मालकीचा कागद, जागेचा आणि घराचा आराखडा, शुल्क भरल्याची पावती आणि आराखडा नियमात बसतो असे परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र एवढे ग्रामपंचायतीला सादर करायचे आणि कामाला लागायचे. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडासाठी ग्रामपंचायतीने दहा दिवसांत शुल्क किती ते कळवायचे आणि ते भरल्यावर आणखी दहा दिवसांत परवाना द्यायचा, वेगळी छाननी करायची नाही. नगररचनाकाराचा अभिप्राय लागतो तो त्याहून मोठ्या भूखंडाला.

खेड्यातले साधे घर या मर्यादेत सहज बसते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओसरी, मागे न्हाणी आणि संडास यांना १६०० चौरस फूट पुरून उरतात. तरीही आर्णी तालुक्यात घराचे काम काढलेल्या माणसाला विचारले, तर परवानगीचा प्रश्न मिटला असे तो म्हणणार नाही. याचे कारण त्या कागदांच्या यादीतल्या पहिल्याच ओळीत आहे. मालकीचा कागद. सरकारने नकाशाची बाजू सैल केली आणि जागेची बाजू जशी होती तशीच बऱ्याच अंशी राहिली. परवानगीचा खरा तिढा जागेच्या नोंदीत आहे, आणि तो तिथेच सोडवावा लागेल, हे या लेखाचे म्हणणे.

आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. अरुणावतीच्या काठचे, बाबा कंबलपोषांच्या दर्ग्यामुळे दूरवर माहीत असलेले, आणि नागपूर–तुळजापूर महामार्गाच्या कडेने वाढत चाललेले. गावाला नगर परिषद आहे, त्यामुळे हद्दीतला नकाशा तिच्याकडे जातो. हद्द ओलांडली की जवळा, लोणबेहळ, दाभडी, सावळी सदोबा अशी गावे आणि त्यांच्या अवतीभवतीचे बंजारा तांडे, कोलामांचे पोड लागतात. तिथे ग्रामपंचायत आहे. पण ग्रामपंचायतीचा शब्द सगळीकडे चालत नाही. जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगी ग्रामपंचायत देते. गावठाणाबाहेर, म्हणजे कुणाच्या तरी वावरात, घर बांधायचे तर प्रश्न महसूल खात्याचा आणि नगररचनेचा होतो. तिथे जिल्हाधिकारी, त्यांच्या वतीने उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार, आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे नगररचना कार्यालय, ज्याला सगळे ‘टीपी’ म्हणतात, यांच्याशी गाठ पडते. जागा ई-क्लास असेल, म्हणजे गायरान, तर परवानगी मागायलाच तोंड उरत नाही. एकाच गावात, एकाच गल्लीच्या दोन टोकांना राहणाऱ्या दोन भावांना वेगवेगळ्या कार्यालयांत जावे लागते, कारण मधून गावठाणाची हद्द गेलेली असते.

ही हद्द आली कुठून? वऱ्हाडात इंग्रजी अमलात मुंबईच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. शेताचे सर्वे नंबर पडले, त्यांवर सारा बसला, आणि वस्तीची जागा गावठाण म्हणून बाजूला राहिली. महसूल खात्याला रस साऱ्यात होता, त्यामुळे शेताची नोंद बारकाईने झाली. धुरा कुठे, विहीर कुठे, पोटखराब किती, हे सगळे कागदावर आले. गावठाणात कोणाचे घर कुठवर, याची तशी नोंद फारशी कुणी ठेवली नाही. पुढे १९२८ चा वऱ्हाड जमीन महसूल कायदा आला, मग १९५४ चा मध्य प्रदेशचा. १९५६ मध्ये यवतमाळ मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात. कायदे बदलत गेले, गावठाणाची रेघ मात्र जुन्या मोजणीचीच राहिली आणि वस्ती तिच्याबाहेर पसरत गेली.

आज ज्या दोन कायद्यांभोवती ग्रामीण बांधकामाचा सगळा कारभार फिरतो, ते दोन्ही १९६६ चे आहेत: महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. त्या वेळी मुख्यमंत्री होते याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक. पहिला कायदा विचारतो, ही जमीन कशासाठी आहे? शेतीची असेल तर घरासाठी वापरण्याआधी कलम ४४ प्रमाणे अकृषक परवानगी घ्या, नाहीतर कलम ४५ प्रमाणे दंड. दुसरा विचारतो, तुमचे बांधकाम योजनेत आणि नियमांत बसते का? अर्जावर ६० दिवसांत निर्णय दिला नाही तर परवानगी मिळाली असे मानावे, अशी तरतूद त्याच्या कलम ४५ मध्ये आहे. ही मानीव परवानगी कागदावर उत्तम दिसते. प्रत्यक्षात तिचा आधार घेणारा माणूस क्वचित भेटतो, कारण ती लागू व्हायला बांधकाम मुळात नियमात बसणारे हवे आणि ते बसते की नाही हे ठरवण्याची ताकद पुन्हा कार्यालयाकडेच राहते. डिसेंबर २०२० मध्ये बहुतांश राज्यासाठी एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. फेब्रुवारी २०२१ ची सूट तिच्याच आधारावर उभी आहे.

आता त्या मालकीच्या कागदाकडे जवळून पाहू. गावठाणातल्या घरमालकाकडे बहुधा असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८. लोक त्याला ‘आठचा उतारा’ किंवा नुसते ‘घरटॅक्सचा कागद’ म्हणतात. शेतीचा ८-अ वेगळा. हा घरपट्टीच्या आकारणीचा. त्यात मालमत्ता क्रमांक असतो, घराचे वर्णन असते, टिन की स्लॅब, मातीचे की विटांचे, लांबी-रुंदी असते, कर असतो, आणि दोन वेगळे रकाने असतात: मालकाचे नाव आणि भोगवटा करणाऱ्याचे नाव. पुष्कळ उताऱ्यांवर दोन्ही रकान्यांत एकच नाव असते. सरकारी जागेवर बसलेल्या घराच्या उताऱ्यावर मालकाच्या रकान्यात ‘सरकार’ किंवा ‘ग्रामपंचायत’ आणि भोगवट्याच्या रकान्यात घरधन्याचे नाव. या माणसाने तीस वर्षे घरटॅक्स भरलेला असतो, विजेचे मीटर त्याच्या नावावर असते, मतदार यादीत त्याचा घर क्रमांक असतो. पण हा उतारा कर आकारणीसाठी आहे, मालकी सिद्ध करण्यासाठी नाही, असे न्यायालये आणि महसूल खाते दोघेही सांगत आले आहेत. बँक तो घेत नाही. वाटणीत भाऊ भांडायला उठला तर तो टिकत नाही. नव्या बांधकामासाठी मालकीचा कागद म्हणून तो जोडला, तर मान्य करायचा की नाही हे समोरच्या कर्मचाऱ्याच्या धाडसावर अवलंबून राहते.

आजोबांच्या नावाचा उतारा हा दुसरा प्रकार. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली, वारस नोंद झाली नाही, चार काकांपैकी दोघे नागपूर-पुण्याला, एक आत्या तेलंगणात. घर पाडून बांधायचे म्हटले तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. ज्याला ‘परवानगी मिळेना’ म्हणतात त्यातला मोठा भाग असा घरातल्या घरात अडलेला असतो, आणि तो सोडवायला कुठलाच शासन निर्णय पुरा पडत नाही.

यावरचा सगळ्यात ठोस उपाय म्हणजे गावठाणाची मोजणी. पूर्वी साधारण २००० हून अधिक लोकसंख्येच्या गावांचेच गावठाण भूमापन होत असे, लहान गावे तशीच राहात. महाराष्ट्राने पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग आधी केला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना काही राज्यांपुरती सुरू होऊन पुढे २०२१ मध्ये देशभर लागू झाली. ड्रोन वरून छायाचित्र घेतो, भूमी अभिलेख खात्याची माणसे आणि ग्रामपंचायत मिळून चुन्याने हद्दी आखतात, चौकशी होते, हरकती घेतल्या जातात, आणि शेवटी सनद आणि मिळकत पत्रिका मिळते. आपल्याकडे विदर्भात तिला आखीव पत्रिका म्हणतात. ही पत्रिका हाती आलेल्या माणसासाठी २०२१ ची सूट खऱ्या अर्थाने लागू होते. ज्याच्याकडे ती नाही त्याच्यासाठी ती सूट वर्तमानपत्रातली बातमी राहते.

म्हणून चुना आखायला माणसे येतात तो दिवस घराच्या पायाभरणीपेक्षा महत्त्वाचा मानायला हवा. त्या दिवशी घरमालक कापूस वेचायला वावरात किंवा हंगामी कामाला परजिल्ह्यात असेल, आणि शेजाऱ्याने सांगितलेली हद्द नोंदली गेली, तर ती पुढे बदलून घेणे फार कठीण. मजुरीसाठी स्थलांतर करणाऱ्या तालुक्यात मोजणीची तारीख ठरवताना याचा विचार व्हायलाच हवा. दिवाळी-होळीला माणसे गावी परततात, ते दिवस मोजणीला धरावेत. ही मागणी ग्रामसभेने ठराव करून आजही करता येते.

गावठाणाबाहेरची गोष्ट वेगळी आणि जास्त गुंतागुंतीची. गावात जागा उरली नाही म्हणून लोक रस्त्याच्या कडेच्या वावरात एक-दोन गुंठे घेतात. शेताचा मालक बंध्या मुरमाचा तुकडा पाडून विकतो, स्टॅम्प पेपरवर लिहून देतो, पैसे घेतो. इथे तीन कायदे एकदम आडवे येतात. पहिला अकृषक परवानगीचा. दुसरा १९४७ चा तुकडेबंदी कायदा, ज्याप्रमाणे ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकड्याची खरेदी नोंदवता येत नाही. २०२३ मध्ये हे प्रमाणभूत क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे खाली आणले गेले, पण घर बांधणाऱ्याला २० गुंठे नको असतात, त्याला दोन पुरतात. तिसरा नगररचना कायदा, जो लेआउट मंजूर आहे का, रस्ता किती रुंद, मोकळी जागा सोडली का, असे विचारतो.

सरकारने या गाठी एकेक करून सैल केल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. २०१४ पासून महसूल अधिनियमात कलम ४२-अ आणि पुढे २०१७ मध्ये ४२-ब, ४२-क, ४२-ड आली. आर्णी तालुक्यासाठी त्यातले ४२-ड सर्वांत उपयोगाचे. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन राहण्यासाठी वापरायची असेल, तर वेगळी अकृषक परवानगी मागत बसावे लागू नये, महसूल खात्याने स्वतः पुढे होऊन रूपांतरण कर ठरवून द्यावा आणि तो भरला की जमीन अकृषक झाली असे मानावे, हा त्याचा हेतू. बहुतेक खेड्यांची नवी वस्ती याच २०० मीटरच्या पट्ट्यात उभी राहिली आहे. पण या कलमाची माहिती गावात कुणाला आहे? पटवाऱ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, हा पट्टा गाव नकाशावर आखून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला, त्यात येणारे गट क्रमांक लिहिले, तर कितीतरी माणसांची दलालाकडची फेरी वाचेल. एका कागदाचे काम आहे हे.

तुकडेबंदीतही मार्च २०२४ च्या बदलाने विहीर, शेतरस्ता आणि घरकुल या कारणांसाठी लहान तुकड्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने वाट मिळाली. घरकुलाच्या लाभार्थ्याला १००० चौरस फुटांपर्यंत जागा घेता येते. २०२५ मध्ये निवासी पट्ट्यांतले जुने लहान व्यवहार नियमित करण्याचे पाऊल राज्याने वटहुकमाने उचलले. हे स्वागतार्ह आहे. मात्र एक भीती राहते. व्यवहार नियमित झाला म्हणजे तिथे सहा फुटांची बोळ पाडून बसवलेले प्लॉट राहण्यालायक झाले असे नाही. आग लागली तर बंब जाणार नाही, नालीला उतार नाही, पाण्याची पाइपलाइन टाकायला जागा नाही. कागदाची सुटका करताना रस्ता मात्र सुटू देऊ नये, हे ग्रामपंचायतीला आत्ताच ठरवावे लागेल, कारण भिंती उभ्या राहिल्यावर रस्ता रुंद करायला कुणीच तयार होत नाही.

वावरात स्वतःसाठी घर बांधणाऱ्या शेतकऱ्याला कायदा तुलनेने उदार आहे. नियमावलीप्रमाणे किमान ०.४ हेक्टर, म्हणजे ४० गुंठे जमीन असेल तर मर्यादित क्षेत्राचे शेतघर बांधता येते. अडचण एक एकरापेक्षाही कमी जमीन वाट्याला आलेल्यांची, आणि ज्यांची जमीन भोगवटादार वर्ग २ आहे त्यांची. यवतमाळ जिल्ह्यात विनोबांच्या भूदानातून मिळालेल्या जमिनी आहेत, आदिवासींच्या जमिनी आहेत, शासनाने वाटलेल्या जमिनी आहेत. यांच्या हस्तांतरावर आणि वापरावर बंधने आहेत आणि ती योग्य कारणासाठी आहेत, नाहीतर त्या केव्हाच सावकाराच्या घशात गेल्या असत्या. पण याच जमिनीवर मूळ कुटुंबाला स्वतःचे घर बांधण्यासाठी लागणारी मंजुरी इतकी दुर्मीळ आणि लांबलचक असू नये.

तालुक्यातला सर्वांत दुखरा भाग तांड्यांचा आणि ई-क्लासवरच्या वस्तीचा. तांडा म्हणून राहणारी वस्ती पुष्कळदा मूळ गावठाणापासून दूर असते. कुठे तिला गावठाण मिळाले, कुठे नाही. जिथे नाही, तिथे सरकारी नळ आला, शाळा आली, अंगणवाडी आली, तांडा-वस्ती सुधार योजनेतून सिमेंटचा रस्ता आला, पण पायाखालची जागा कागदावर गायरानच राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचे स्पष्ट निर्देश दिले. निकाल धनदांडग्यांनी बळकावलेल्या तळ्याच्या जागेबद्दल होता, आणि भूमिहीन मजूर व अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जागांचा अपवाद त्यातच ठेवलेला आहे. तरी २०२२ च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरच्या घरांना राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा त्या धनदांडग्यांपेक्षा मजुरांच्या दारावर जास्त चिकटल्या. दोन लाखांहून अधिक बांधकामांचा हा प्रश्न होता.

याच्या अगदी उलट दिशेने घरकुलाची योजना चालते. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटरचे घर, रोजगार हमीतून मजुरी, संडासासाठी वेगळे १२ हजार. राज्याने २०२५ मध्ये आणखी ५० हजारांची भर घातली. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, इतर मागासांसाठी मोदी आवास या योजना आहेत. पैसे टप्प्याटप्प्याने खात्यात येतात, आणि प्रत्येक टप्प्याला त्याच जागेचे अक्षांश-रेखांशासह छायाचित्र मोबाइलवरून चढवावे लागते. आधी जुने घर, मग मोकळी जागा, जोता, लिंटल, स्लॅब. म्हणजे पहिलेच छायाचित्र जागा मागते. यादीत नाव आले आणि जागा नाही, अशा कुटुंबाचे नाव वर्षानुवर्षे यादीत पडून राहते. जागा खरेदीसाठी दीनदयाल उपाध्याय योजनेतून आधी ५० हजार आणि आता १ लाखापर्यंत मदत मिळते, पण महामार्गालगतच्या गावात ५०० चौरस फुटांचा तुकडा तेवढ्यात मिळवून दाखवणे अवघड आहे. फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयाने सरकारी जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा मार्ग आखला. अर्ज झाले, ग्रामसभेचे ठराव झाले. फाइल पुढे कुठे थांबली, हे अर्जदाराला कळण्याची सोय मात्र कुणी केली नाही. एका सरकारी खात्याने घर मंजूर करावे आणि दुसऱ्याने त्याच जागेला अतिक्रमण म्हणावे, हे तांड्यावरच्या माणसाने समजून तरी कसे घ्यावे? मला यात कुठलीही गुंतागुंत दिसत नाही. जिथे वस्ती दोन पिढ्यांची आहे, सरकारी शाळा आहे, तिथे गावठाण जाहीर करणे हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारातले काम आहे आणि ते व्हायला हवे.

तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगेच्या बाजूची काही गावे निम्न पैनगंगा प्रकल्पाच्या बुडितात धरलेली आहेत. प्रकल्पाला तिथल्या लोकांचा विरोध जुना आहे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या १९९९ च्या कायद्याने अधिसूचित क्षेत्रात जमिनीच्या विक्रीवर, वाटणीवर आणि वापर बदलण्यावर निर्बंध येतात. धरण होईल की नाही हे ठरेपर्यंत एक पिढी पडक्या घरात काढते. प्रकल्पाचा निर्णय लांबला तर दुरुस्ती आणि वाढीव खोल्यांना तरी मुभा द्या, ही मागणी कुणालाही मान्य व्हावी इतकी साधी आहे.

आतापर्यंत परवानगी मिळण्याबद्दल बोललो. परवानगीने काय तपासायला हवे, हा प्रश्न तितकाच मोठा आहे आणि त्यावर फारच कमी बोलले जाते.

आर्णीच्या आसपास जमीन काळी, कपाशीची. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, एप्रिल-मे मध्ये वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. त्याच मातीवर दीड-दोन फूट खोदून दगड-विटांचा पाया भरला तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला तिरक्या भेगा जातात. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून निघून छताकडे जाणारी भेग या भागात कुठल्याही नव्या घरात दाखवता येईल. उपाय माहीत आहेत: मुरूम लागेपर्यंत खोदणे, मातीच्या जागी मुरमाचा भराव, जोत्याला आणि लिंटलला सलग काँक्रीटची पट्टी, घराभोवती पाणी मुरू न देणारी फरशी. जिथे मुरूम फार खोल आहे तिथे खाली फुगवटा असलेले खांब घालायची पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने नेमकी काळ्या मातीसाठीच विकसित केली. पण घराच्या नकाशावर पायाचा उभा छेद असतो का? अनेकदा एकच ठरावीक आकृती सगळ्या अर्जांना जोडलेली असते, जमीन मुरमाड असो की काळी. अभियंत्याने जागेवर न जाता सही केली तर २०२१ च्या सुटीचा अर्थच उलटा होतो. सरकारने छाननी सोडली ती अभियंत्यावर विश्वास टाकून.

पायासारखीच भिंतही तपासायला हवी. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदांखाली दबून. यवतमाळचा भूकंपाचा धोका कमी गणला जातो, पण सलग पट्टीशिवाय उभी केलेली विटांची भिंत कुठेही वाईटच. घरकुलाच्या तुटपुंज्या रकमेत सलग पट्टी परवडत नाही असे मिस्त्री सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. लोहा, गिट्टी, रेती यांचे भाव त्याला रोज माहीत असतात. घरकुलाला पाच ब्रास रेती मोफत देण्याचे धोरण २०२५ मध्ये आले. ती रेती जोत्याच्या वेळी हाती आली, तरच हा खर्च पेलेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. नियमावलीप्रमाणे नदीकाठी निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींसह. अरुणावतीच्या काठची आणि नाल्यांच्या काठची नवी घरे पाहिली की या रेषा जमिनीवर कुठेच दिसत नाहीत. जुलै २०२३ मध्ये शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि माणसे बाहेर काढायला बचाव पथके आणावी लागली. नाल्याकाठची जागा गरिबाला मिळते कारण ती दुसऱ्या कुणाला नको असते.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचे उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथल्या ग्रामीण काउंटीला जमिनीचे निवासी, व्यापारी असे पट्टे पाडण्याचा सर्वसाधारण अधिकारच नाही. घर कसे दिसावे, किती खोल्यांचे असावे, यात ती पडत नाही. पण सेप्टिक टँक कुठे आणि कसा, आणि जागा पूरक्षेत्रात येते का, या दोन गोष्टी मात्र ती विचारते. आपल्याकडे उलटे झाले आहे. समासाचे अंतर आणि चटई क्षेत्र यांवर पानेच्या पाने, आणि काळ्या मातीत शोषखड्डा मुरतच नाही, तो तुंबून शेजारच्या विहिरीत किंवा हातपंपाकडे झिरपतो, याची विचारपूस नाही. माझ्या मते लहान घराच्या अर्जात पाया, पूर, सांडपाणी आणि रस्ता एवढे चारच प्रश्न असावेत, आणि त्या चारांची उत्तरे ग्रामपंचायत अधिकाऱ्याने जागेवर उभे राहून लिहावीत.

महामार्गाचा पट्टा हा वेगळा विषय. राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यरेषेपासून मोकळ्या भागात ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा धरली जाते. ढाबा, गॅरेज, कृषी केंद्र, सगळ्यांना रस्त्याला चिकटूनच जागा हवी असते. इथे सूट नको, कडकपणा हवा, कारण चौपदरी रस्त्यावर भरधाव वाहनासमोर उघडणारे दार कुटुंबाला आणि प्रवाशाला सारखेच घातक.

परवानगी न घेता बांधले तर काय होते, हेही नीट माहीत असावे. बहुधा लगेच काहीच होत नाही, घरटॅक्स लागतो आणि माणूस निर्धास्त होतो. त्रास नंतर येतो. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा दुकानासाठी घर तारण ठेवायला गेले की बँक मंजूर नकाशा मागते. १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पूर्णत्वाचा दाखला पाहिल्याशिवाय बँकांनी कर्ज देऊ नये असे बजावले, त्यामुळे हे दार आणखी अरुंद होणार. दुसरीकडे, १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी सक्तीची केली, ही दिलाशाची बाजू. पण रस्ता, नदीपात्र, सार्वजनिक जागा यांवरच्या बांधकामाला ते संरक्षण नाही. एक चांगली गोष्ट लोकांना माहीत नसते: स्वतःच्या राहत्या घराचा बांधकाम खर्च कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तर एक टक्का कामगार उपकर लागत नाही. कुणी मागितला तर कायद्याचा आधार विचारावा.

तालुक्याच्या पातळीवर करण्याजोगे काम अवाढव्य नाही. ज्या गावांची आखीव पत्रिका झाली, तिथे वारस नोंदीचे शिबिर घ्यावे आणि नमुना ८ ची नावे तिच्याशी जुळवून घ्यावीत. २०० मीटरच्या पट्ट्यातले गट क्रमांक प्रत्येक ग्रामपंचायतीत लागावेत. तांड्यांच्या गावठाणाचे प्रस्ताव तहसील कार्यालयाने ग्रामसभेच्या ठरावासह एकत्र करून पाठवावेत, सुटे अर्ज घेत बसू नये. आणि पंचायत समितीच्या अभियंत्याने काळ्या जमिनीसाठी आणि मुरमाड जमिनीसाठी पायाचे दोन वेगळे नकाशे, मापांसह आणि लागणाऱ्या लोह्याच्या हिशेबासह, मराठीत काढून घरकुलाच्या प्रत्येक मंजुरीपत्राला जोडावेत. मिस्त्री तो कागद वाचतो, घडी करून खिशात ठेवतो आणि पुढच्या घराला वापरतो.